सात नंबर आणि विसळायचं पाणी

कालिंदीताईला पीएच.डी.ला इतकी वर्षं का लागली, हे लोक अजून मला विचारतात. कुणाच्या लग्नात भेटतात, पंगतीत शेजारी बसतात आणि जिलबी मोडता मोडता म्हणतात, "हुशार होती म्हणे तुमची मैत्रीण. मग घोडं अडलं कुठं?" माझं डोकंच फिरतं. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, नुसती चघळायला गोष्ट हवी असते. तेव्हा एकदाच सगळं सांगून टाकते, म्हणजे पुढच्या पंगतीत तरी मला सुखानं जेवू देतील.

मी मोनिका, देवगाव रंगारीची. शेतकऱ्याची मुलगी. कालिंदी व्यंकटराव पैठणकर मला दोन-तीन वर्षांनी मोठी, आणि शहराबाहेरच्या ज्या लहानशा संशोधन संस्थेत मी शिकायला आले तिथं ती आधीपासून होती. पहिल्याच दिवशी तिनं मला अर्धा कप चहा दिला आणि उरलेला अर्धा स्वतः उभ्या उभ्या पिऊन टाकला. बसायला म्हणून ती जन्मलीच नव्हती. बोलताना बोटातली अंगठी गरगर फिरवायची, सिग्नलला स्कूटी थांबली की खाली टेकलेला पाय नाचत राहायचा. आमचे सर, डॉ. साहेबराव ढाकणे, म्हणायचे, "कालिंदी, तुझ्या खुर्चीला खिळे आहेत का गं?" ती हसायची आणि पुन्हा उठायची.

आमचा विषय होता गोचीड ताप. गावाकडं संकरित गाई आल्या, दूध वाढलं, आणि हा तापही वाढला. गोचीड गाईला चावतो आणि त्याच्या लाळेतून एक परजीवी रक्तात उतरतो. थायलेरिया त्याचं नाव. तो गाईच्या पांढऱ्या पेशीत जाऊन ऐसपैस बसतो, आणि मग ती पेशी मरायचं विसरते. नुसती वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. खांद्याजवळची गाठ लिंबाएवढी होते, ताप चढतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर गाय जाते. औषधानं परजीवी मेला की तीच पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. म्हणजे पेशी बिघडलेली नसते, तिला कुणीतरी आतून चिथावत असतं.

आता चिथावायचं तर हुकूम सुटतो तिथं जायला हवं, आणि पेशीत हुकूम सुटतो केंद्रकातून. परजीवी स्वतः केंद्रकात शिरत नाही. तो बाहेरच बसतो आणि आपली प्रथिनं आत पाठवतो. केंद्रकाच्या भिंतीला बारीक छिद्रं असतात आणि तिथं पेशीचेच हमाल असतात. ज्या प्रथिनाच्या अंगावर एक ठरावीक खूण असेल, त्यालाच ते उचलून आत नेतात. परजीवी आपल्या प्रथिनावर नेमकी तीच खूण लावतो. दुसऱ्याच्या नावाची पत्रिका दाखवून लग्नात जेवून यावं, तसला प्रकार. हमालाला संशय येत नाही. पण परजीवीची शेकडो प्रथिनं. त्यातली खरोखर आत जाणारी कोणती? ते कळलं तर ती वाट अडवणारं औषध करता येईल. कालिंदीताई त्याच्यामागं लागली होती.

ज्या पेशींवर ती काम करायची त्या आमच्या घरच्या गाईच्या, हरणीच्या होत्या. दोन हजार तेराच्या दुष्काळात चारा संपला, तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हरणीला छावणीत नेऊन बांधलं. तिथं जनावराला जनावर लागून उभं. चारा मिळाला, त्यासोबत गोचीडही मिळाले. हरणी आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी गाठीत सुई घालून थोडं पाणी काढलं, ते मीच बर्फात ठेवून संस्थेत आणलं. औषध मिळेपर्यंत उशीर झाला होता. हरणी गेली. तिच्या पेशी मात्र आमच्या बाटलीत वाढत राहिल्या, कारण मरायचं त्या विसरल्या होत्या. माझी माय चतुराबाई फोनवर आधी माझी चौकशी करायची आणि मग विचारायची, "अन् हरणी बरी हाय का तिकडं?" मी म्हणायची, बरी आहे. यात हसण्यासारखं काही नव्हतं, आम्ही दोघीही हसत नसू.

काम असं चालायचं. हरणीच्या पेशी काचेवर पसरायच्या, शेजारी दुसऱ्या काचेवर निरोगी गाईच्या पेशी. मग एक रंग घालायचा, जो आपल्याला हव्या त्या प्रथिनालाच धरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा झळकतो. जास्तीचा रंग शुद्ध पाण्यात विसळून काढायचा. मग अंधाऱ्या खोलीत जाऊन बघायचं, हिरवं कुठं आहे. पहिली सहा प्रथिनं तिनं तपासली. सहाही केंद्रकाबाहेर. सातवं तपासलं दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात, आणि हरणीच्या पेशींची केंद्रकं हिरवीगार दिसली. निरोगी पेशी काळ्या. तिनं मला ओढत नेऊन दाखवलं. मी किंचाळले. ती नाही. ती म्हणाली, "परत करून बघू." परत केलं, परत तेच. पुन्हा तेच. सर तर हवेतच होते. निबंध छापून आला. उत्तरेतल्या एका औषध संशोधकांच्या गटानं पत्र पाठवून ते सातवं प्रथिन, आमचं सात नंबर, मागवून घेतलं.

तिचे वडील व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गुलमंडीवरच्या ओळखीच्या एकेका दुकानात जाऊन सांगितलं की आमच्या कालिंदीनं गाईच्या रोगाचं मूळ शोधलं. कापडवाल्याला काय कळलं असेल ते तोच जाणे, पण त्यानं चहा पाजला. प्रबंध लिहून झाला, दाखल झाला. तोंडी परीक्षा जूनमध्ये आणि त्यानंतर लगेच शहरातल्या एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत. इतकी वर्षं तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर काढलेल्या माणसाला कायम जागा म्हणजे काय, हे सांगायला नको. सगळं जुळून आलं होतं, आणि ही बाई पहिल्यापेक्षा अस्वस्थ. जेवताना ताटावरून उठायची. मी विचारलं तर म्हणायची, "काहीतरी खुपतंय गं. काय ते कळत नाही." मला वाटायचं, चांगलं झालेलं सोसत नाही काहींना.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात मी तिला रसाच्या जेवणाला देवगावला नेलं. तात्यांना हरणीची हकिगत तिच्याच तोंडून ऐकायची होती. ऐकून ते म्हणाले, "लई भारी काम केलं, ताई. जनावर वाया नाय गेलं." जेवणं झाली. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, म्हणून माय एका घमेल्यात पाणी घेऊन भांडी विसळायला बसली आणि माय नको नको म्हणत असताना कालिंदीताई तिच्यासमोर बसली. आमच्याकडं सगळ्या घरांत एकच पद्धत. पाणी एकच, भांडी ओळीनं. आधी देवाची, मग पेले, मग ताटं, शेवटी कढई आणि तवा. चांगलं आधी, खरकटं मागून. तेच पाणी मग पायखान्यात.

कढई झाल्यावर एक छोटी ताटली त्या पाण्यात घसरली. मायनं ती काढून बाजूला ठेवली. कालिंदीताईनं तिच्यावरून बोट फिरवलं. तेलाचा तवंग बोटाला लागला.

"मावशी, ही तर कोरी होती ना?"

"व्हय की. नुसती झाकायला घेतली व्हती. पडली शेवटी, मग लागलंच तेल. पुस पदरानं."

ती ताटली घेऊन बसून राहिली. मग उभी राहिली आणि म्हणाली, "मोनिका, निघू या." माय ओरडत होती, "अगं, च्या तरी घे!" पण हिनं स्कूटी सुरू केली होती. उन्हाचा कहर, रस्ता नुसता फणफणत होता. वेरूळपर्यंत तिनं स्कूटी नुसती दामटली. मग मान वळवून म्हणाली, "पहिल्या सहा वेळी नळ चालू होता." मला वाटलं, हिला ऊन लागलं.

दौलताबादच्या वेशीत ट्रक अडकला होता आणि दोन्हीकडं गाड्यांची रांग. तिथं उभं राहून तिनं मला समजावलं. पहिली सहा प्रथिनं तपासली तेव्हा पाण्याची एवढी टंचाई नव्हती, प्रत्येक काचेला नवं पाणी घेत होतो. चौदाचा पावसाळा कोरडा गेला तेव्हापासून संस्थेत शुद्ध पाण्याची बोंब. टँकरच्या पाण्यातून ते यंत्र एक बादली शुद्ध पाणी देतं आणि चार बादल्या इतकं खारं पाणी मोरीत सोडतं की फरशी पांढरी पडते. म्हणून सर म्हणाले, जपून. म्हणून आम्ही एकाच पाण्यात सगळ्या काचा विसळू लागलो. कोणत्या क्रमानं विसळायच्या, हे कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

"आपण निरोगी पेशी आधी विसळतो," ती म्हणाली. "रोगाच्या मागून. प्रत्येक वेळी. चांगलं आधी, खरकटं शेवटी."

"मग?"

"मग पाण्यात सुटलेला सगळा रंग हरणीच्या पेशींना लागतो. मोठं केंद्रक, चिकटायला भरपूर जागा. निरोगी पेशी स्वच्छ पाण्यात निघतात, म्हणून काळ्या. सात नंबर आत जात असेलही, मोनिका. किंवा ते नुसतं तेल असेल."

मला काय राग आला म्हणून सांगू! हरणीच्या पेशीत काहीतरी सापडलं, एवढा एकच आनंद त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात आला होता, आणि ही भर रस्त्यात तो काढून घेत होती. मी म्हणाले, "ताई, तुला खात्री हाय का? नाय ना? मग गप बस. तोंडी होऊ दे, जागा मिळू दे. मग धू काय धुवायचं ते."

"ते लोक औषध करायला बसलेत. सात नंबर आत जातच नसेल तर ते चुकीच्या दारात वर्षं घालवतील."

"घालवू दे."

"आणि तोवर छावणीत गाई मरतील. तुझी हरणी गेली तशा."

मला ते पटलं नाही. आजही मला वाटतं की तिनं महिनाभर थांबायला हरकत नव्हती. जागा काही रोज निघत नाहीत. पण तिला थांबता येत नव्हतं. ट्रक हललाही नव्हता आणि ती स्कूटी ढकलत गाड्यांच्या फटीतून पुढं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेत चौकशी केली तर शुद्ध पाण्याचं यंत्र पाऊस पडेपर्यंत बंद. प्यायलाच पाणी नव्हतं, यंत्राला कुठून देणार? बाजारातलं बॅटरीचं पाणी या कामाला चालत नाही. मग ती मला घेऊन घरी गेली. शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं वेड्यासारखं सुटलं होतं. माळावर इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यात महापालिकेचा नळ आला नाही. व्यंकटरावकाकांनी गुलमंडीजवळची भाड्याची जागा सोडून आयुष्याची पुंजी घालून तिथं फ्लॅट घेतला होता. ज्या माणसानं नोकरीभर धरणाच्या पाण्याचे कागद सांभाळले, तो म्हातारपणी टँकरवाल्याला साहेब म्हणत होता. पेल्यात घोटभर पाणी उरलं तरी ते कालिंदीताईला बोलावून प्यायला लावायचे. गॅलरीत त्यांची दोन निळी पिंपं होती. टँकर नुकताच येऊन गेल्यानं दोन्ही भरलेली होती.

"बाबा, पिंप हवंय."

"कोणतं?"

"दोन्ही."

ते हसले. मग तिच्या तोंडाकडं पाहून हसू थांबलं. तिनं सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सापडलेलं हरवायला तू माझ्याकडं पाणी मागतेस?"

"हरवलं तर ते सापडलेलंच नव्हतं."

"मी सगळ्या गुलमंडीला सांगून बसलोय, कालिंदी!" ते ओरडलेच. "आणि पुढचा टँकर कधी येईल ते त्या टँकरवाल्यालाही माहीत नाही. अंघोळ कशानं करायची? स्वयंपाक?"

कालिंदीताई पिंपाजवळून हलली नाही. अंगठीही फिरवत नव्हती. काका आत गेले. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात एक कळशी होती. ती त्यांनी पिंपात बुडवून भरून घेतली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "एवढं प्यायला राहू दे. बाकी न्या."

छोटा हत्ती टेम्पो बोलावून आम्ही पिंपं संस्थेत नेली. यंत्र सुरू केलं. शुद्ध पाणी थेंबाथेंबानं कॅनमध्ये पडत होतं आणि खारं पाणी बदाबदा मोरीत जात होतं.  आमच्या गावात एवढ्या पाण्यासाठी बायका भांडतात. कालिंदीताई मोरीशेजारीच उभी राहिली, जणू ते पाणी वाहताना पाहणं हे तिच्यावर बंधन होतं.

आधी तिनं नेहमीसारखंच एका पाण्यात विसळलं, फक्त क्रम उलटा केला. हरणीच्या पेशी आधी, निरोगी शेवटी. भर दुपारी आम्ही काळा पडदा ओढून अंधाऱ्या खोलीत बसलो. तिनं डोळा लावला, काच सरकवली, पुन्हा डोळा लावला. मग बाजूला झाली. "तू बघ." मी पाहिलं. हरणीच्या पेशींची केंद्रकं काळी. निरोगी गाईच्या पेशींची केंद्रकं हिरवीगार झळकत होती. ज्या गाईला कधी गोचीड ताप झालाच नव्हता, तिच्या पेशींत परजीवीचं प्रथिन!

मग प्रत्येक काचेला नवं पाणी, पुन्हा नवं, पुन्हा नवं. आता सगळ्याच पेशींची केंद्रकं काळी. बाहेरच्या देशातल्या लोकांनी आत जातं म्हणून पूर्वीच दाखवलेलं एक प्रथिन तिनं सोबत तपासलं होतं, ते मात्र हरणीच्या पेशींत नीट झळकत होतं आणि फक्त तिथंच. म्हणजे हात चुकला नव्हता, रंगही चुकला नव्हता. सात नंबर केंद्रकात जात नव्हतं. मला रडू कोसळलं. हरणी दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटलं, आणि मायला फोनवर काय सांगू हे कळेना. कालिंदीताई रडली नाही. ती स्टुलावर बसली आणि बसूनच राहिली. तिला इतका वेळ एका जागी बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी रिकामी पिंपं घेऊन आम्ही घरी गेलो. काका दारातच होते.

"पाणी पुरलं?"

"पुरलं."

"मग?"

"काही नाही बाबा. तिथं काहीच नव्हतं."

ते खुर्चीत बसले. तिची आईही पदराला हात पुसत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी विचारलं, "ढाकणे सरांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

"उद्यापर्यंत झोप लागणार आहे का तुला? चल, मी येतो." अंघोळ नाही, दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा, तसेच ते निघाले.

सर ज्योतीनगरात राहायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सूक्ष्मदर्शकातून काढलेले दोन्ही फोटो दिव्याखाली धरून पाहिले, क्रम विचारला, पुन्हा विचारला. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "मी तुला रोज विसळताना पाहत होतो, कालिंदी. मुलगी पाणी वाया घालवत नाही म्हणून मला कौतुक वाटायचं. आमच्याही घरी अशीच विसळतात." मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "निबंध मागं घ्यावा लागेल, प्रबंधही. त्या औषधवाल्यांना आजच कळवतो. सगळं पहिल्यापासून करायचं तर दोन वर्षं जातील. ती कॉलेजची जागा गेलीच समज."

"हो सर."

"आणि प्रत्येक काचेला नवं पाणी लागेल. ते कुठून आणणार? संस्थेत तर प्यायलाही नाही."

 ती खाली बघत होती. मला वाटलं, संपलं, इथंच संपलं हिचं सगळं. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात अवघडून बसलेले व्यंकटरावकाका म्हणाले, "पाण्याचं मी बघतो, साहेब. तिला धुऊ द्या."

आणि पुढची दोन वर्षं, पाऊस पडो न पडो, त्यांनी ते बघितलं.